घरचा डोळा

गुणाजीने टोपावरचं झाकण उचललं आणि तसंच परत आदळलं. आत कालवण नव्हतं. बोटीच्या डिझेलमध्ये दातेरी चकत्या बुडून पडल्या होत्या आणि वर काळं ग्रीस सायीसारखं तरंगत होतं. वास असा, की उपाशीपोटी ढवळून यावं.

“मनू! ह्या टोपात आपन खातो ना गो?”

“जुना हाय तो टोप,” मनुबाई चुलीपासून न उठता म्हणाली. “मीच दिला पोराला.”

“जुना म्हनं! गेल्या बुधवारी ह्यातच चिंबोऱ्या शिजवल्यास!”

मनुबाईने चहा ओतला. नवरा सकाळी सकाळी ओरडला की उत्तर द्यायचं नाही, चहा द्यायचा, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. चहाचा पेला घेऊन गुणाजी ओटीवर आला आणि तिथे त्याचं तोंड आणखीच वाकडं झालं.

ओटीवर सायकल उलटी उभी होती, दोन्ही चाकं वर. भोवती पाने, छिन्नी, हातोडा, कापलेल्या केबली, तेलाची बोळकी. मधोमध त्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा रितेश कोपरापर्यंत काळा होऊन बसला होता. या दिवसांत गावातले सगळे बाप आणि लेक ओटीवर समोरासमोर बसून जाळी शिवतात. होड्या किनाऱ्यावर चढलेल्या असतात, पाऊस असतो, दुसरं काम नसतं. गुणाजीचं जाळं मात्र कोपऱ्यात गुंडाळून पडलं होतं आणि त्याच्या एका टोकाला ग्रीसचा हात पुसलेला स्पष्ट दिसत होता.

“शी!” गुणाजी म्हणाला. एवढंच म्हणाला, पण ते ‘शी’ पोटातून आलं होतं.

रितेश न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कामाला होता. कंत्राट संपलं तसा जेठात घरी आला, आणि येताना बापासाठी नाही, आयसाठी नाही, भंगारातून ही सायकल घेऊन आला. रेसची जुनी सायकल. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वाकलेलं, टायर बोटाएवढे बारीक, रंगाचे पोपडे सुटलेले. मागे पाच चकत्यांचं गिअर होतं, ते त्याने पहिल्या आठवड्यातच छिन्नी ठोकून सोडवलं. मग गिअर बदलायचे दांडे काढले, तारा काढल्या, मागचा ब्रेक काढला. पुढचा तेवढा ठेवला. गुणाजीला वाटलं, पोरगा सायकल दुरुस्त करतोय. महिनाभर बघितल्यावर ध्यानात आलं, की जे जे चांगलं आहे ते ते हा काढून टाकतोय.

“लोकं गिअर बसवतात, तू काढतोस,” तो म्हणाला. “डोक्यावर परिनाम झालाय काय तुझ्या?”

“बाबा, बघ तरी.” रितेशने पायडल हाताने फिरवलं. मागचं चाक फिरलं. मग त्याने चाक उलटं फिरवलं, तर पायडलही उलटं फिरलं. “याला फिक्स म्हणतात. साध्या सायकलमध्ये आपण पाय थांबवला तरी चाक पळतं. याच्यात नाय. पाय थांबला की चाक थांबला. पाय मागं तर चाक मागं. मुंबईत याचं तयार चाक मिळतं, पण त्या किमतीत आपल्या होडीचं इंजिन खोलून दुरुस्त होईल. म्हणून मी साधा फ्रीव्हील, मागची दातेरी चकती, घेतला आणि तो आतून जाम करतोय.”

“म्हंजे बोटीचा पंखा,” गुणाजी म्हणाला. “रिवस घातला का मागं.”

“बरोबर! तसंच!”

आपल्याला इतक्या चटकन कळलं याचाच गुणाजीला राग आला. आणि कळल्याबरोबर पुढचंही कळलं. जी सायकल पायाच्या जोरावर जागच्या जागी थांबवता येते, ती कशाला लागते? नारळी पुनवेला लागते. त्याच्या तोंडातला चहा एकदम कडू झाला.

या गावात पुनवेचा नारळ समुद्राला कोणी द्यायचा, यावरून पूर्वी डोकी फुटत. एका वर्षी भांडण मिटेपर्यंत भरती उतरून गेली आणि नारळ चिखलात टाकावा लागला. तेव्हा जुन्या माणसांनी ठरवलं, की ज्यात घाई करणारा हरेल अशी शर्यत लावायची. हळू सायकलची. देवळापासून जेटीच्या खांबापर्यंत ज्याने त्याने आपल्या आखलेल्या पट्ट्यातून जायचं. पाय टेकला, बाद. चुन्याची रेघ ओलांडली, बाद. चाक मागे गेलं, बाद. सगळ्यांच्या शेवटी जो पोचेल, त्याच्या घरचा वडीलधारा नारळ घेऊन पाण्यात उतरेल.

इथवर काही विशेष नाही, हळू सायकल गावोगाव होते. विशेष पुढेच आहे. चाकावर नजर ठेवायला दुसऱ्या घरचा माणूस ठेवला तर पुन्हा डोकी फुटतील, हे ओळखून जुन्या माणसांनी नियम केला की ज्याचं चाक, त्याच्याच घरचं माणूस चाकावर. त्याने नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची आणि चाकाच्या बाजूने वाकून चालायचं. चाक हललं की त्यानेच ओरडायचं. याला गावात ‘घरचा डोळा’ म्हणतात. बाहेरची माणसं हसतात, म्हणतात, स्वतःच्या पोराला कोण बाद करील? पण इथे करतात. एका बाईने नवऱ्याला खांबापासून हातभर अंतरावर बाद केलं होतं, आणि तो पुढे आठवडाभर बहिणीकडे जेवायला जात होता, हे लोक अजून पोट धरून सांगतात. आजवर कोणाचा घरचा डोळा खोटा बोलला असं कोणी ऐकलेलं नाही.

गुणाजीला त्याच्या बापाने बाद केलं होतं. तो बावीस वर्षांचा होता, शर्यतीत दोघेच उरले होते, आणि बाप ओरडला. किती मागे गेलं होतं, विचारलं, तर बापाने करंगळीचं नख दाखवलं. गुणाजीच्या घरातून नारळ कधीच गेला नाही. बाप गेला, गुणाजीचे गुडघे गेले, रितेश दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा बाद होणाऱ्या पहिल्या पाचांतच पाय टेकून बसला. दर पुनवेला गुणाजी दुसऱ्याच्या मागे गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि टाळ्या वाजवायचा. नारळाचं नाव त्याने घरात काढलं नाही, पण दर वर्षी श्रावण लागला की त्याची जीभ तिखट व्हायची, ते मनुबाईला ठाऊक होतं.

“म्हंजे लबाडी करनार तू,” तो रितेशला म्हणाला.

“लबाडी कसली? पंचांना विचारलंय मी. दोन चाकं हायत, पायाने चालते, चालेल म्हणाले. सदाकाका तर म्हणाला, आण बिनधास्त.”

सदा! गुणाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. सदाच्या घरातून नारळ सहा वेळा गेला होता, आणि त्याचा पोरगा निकेश गेली दोन वर्षं जिंकत होता, तोही आजोबाच्या काळ्या अवजड सायकलवर. अशा माणसाने मोठेपणा दाखवायचा आणि आपण तो गिळायचा. गुणाजी ओटीवरून खाली थुंकला आणि पावसात निघून गेला.

पण घरात राहून माणूस किती वेळ तोंड फिरवणार? रितेशने जाम केलेला फ्रीव्हील पहिल्याच दिवशी सुटला. त्याने आत लोखंडाची भुकटी आणि एम-सील कोंबलं होतं. जोर दिल्याबरोबर आत कटकन वाजलं, पाय मोकळे फिरले, आणि पोरगा सायकलसकट शेजारच्यांच्या जाळ्याच्या ढिगात पालथा पडला. गल्ली हसली. गुणाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लबाडी करायची ती करायची, वर अशी भिकार करायची!

“दे इकडं,” तो म्हणाला, आणि काय करतोय हे स्वतःला कळायच्या आत तो फ्रीव्हील फडक्यात बांधून होडीचं काम करणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे गेला. “भर ह्याला चारी बाजूंनी. हलला न्हाय पायजे.” वेल्डिंगवाला हसला. “गुणाजीदादा, यंदा जोरात तयारी!” गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वेल्डिंग होईपर्यंत तो तिथून हलला नाही, आणि निघताना एक टाका कमी वाटला तो परत मारून घेतला.

मग वेल्ड केलेला फ्रीव्हील चाकावर आवळला, तर उलटा जोर दिला की तो आट्यांवरून सुटू लागला. रितेशने त्याच्या बाहेरून दुसऱ्या जुन्या सायकलची चकती आवळून बसवली, तेव्हा थांबला. साखळी ढिली पडली, म्हणून कड्या कमी केल्या आणि चाक मागे ओढून ताण दिला. पुढची दातेरी चकती सगळ्यात लहान लावली, म्हणजे वेग येऊच नये. हँडलला पट्टी नव्हती. गुणाजीने जाळ्याचा जाड दोर आणला आणि स्वतः बसून हँडलला गच्च गुंडाळून दिला, तोंडाने “काय तुझी थेरं, काय तुझी थेरं” असं म्हणत. दोर उत्तम बसला. ते बघून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी पाऊस थांबला की रितेश जेटीच्या रस्त्यावर सराव करायचा. दोराच्या हँडलवर हात, पुढचं चाक जरा वाकडं, दोन्ही पायडल आडवी, आणि पोरगा उभा. उभाच. जणू खाली कोणी खिळा मारलाय. गावातली माणसं आधी थांबून बघायची, मग कंटाळून जायची, तरी हा उभाच. गुणाजी होडीच्या आडून बघायचा. शर्यत म्हणजे धडपड असते, घाम असतो, निकेशसारखं दात खाऊन अवजड सायकल तोलणं असतं. हे काय, भिंतीला टेकवून ठेवल्यासारखं? त्याला हे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्याने मनुबाईला पांढरा सदरा धुवायला दिला.

“नारळाचा म्हनून?” तिने विचारलं.

“मळलाय म्हनून,” तो खेकसला.

जेवताना रितेश म्हणाला, “बाबा, उद्या चाकावर तूच ना?”

“मग कोन, तुझी आय?”

“नाय, सहज विचारलं.” पोरगा ताटात बघत होता. ओठाच्या कोपऱ्यात हसल्यासारखं काहीतरी होतं. “फक्त नीट बघ हां, बाबा.”

गुणाजीचा घास हातातच राहिला. नीट बघ. म्हणजे चाक मागे गेलं तरी गप राहा, हे कळायला त्याला शाळेत जायची गरज नव्हती. सायकल बनवताना जशी एकेक वस्तू काढून टाकली, तसाच आता हा बापालाही हवा तसा करून घेतोय. याच्यासाठी आपण रात्र रात्र समुद्रावर काढल्या? असला निपजला? तो पानावरून उठला. मनुबाईने “भात?” म्हणून विचारलं, तर तिच्याकडे न बघता हात धुवायला गेला.

पुनवेला दुपारपर्यंत आभाळ उघडलं. देवळापासून जेटीपर्यंत चुन्याचे पट्टे आखले होते. बाया नवी लुगडी नेसून दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, ढोल वाजत होता, आणि देवळाच्या पायरीवर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ ठेवला होता. चाकावरच्या माणसांनी एकेक करून त्याच्यावर हात ठेवला. सदाने ठेवला, मग गुणाजीने. कागद खरखरीत होता.

“पोरानं कमाल केली बग,” सदा त्याच्या कानाशी म्हणाला. “भंगारातून काय उभा केलाय! आमच्या निकेशची आज कंबख्ती हाय.”

गुणाजी “हं” म्हणाला. या माणसाचा चांगुलपणा त्याला त्या दिवशी डिझेलच्या वासासारखा झाला होता.

शिट्टी वाजली. पहिल्या काही हातांच्या अंतरातच दोघांनी पाय टेकले. एकाची सायकल रेघ ओलांडून शेजारच्यावर गेली आणि दोघेही पडले. मग एकेक चाकावरून आवाज येऊ लागले, “आमचा बाद!” “आमचा पन बाद!” आणि दर वेळी लोक हसून टाळ्या वाजवायचे, पडणाऱ्यापेक्षा ओरडणाऱ्यासाठी जास्त. गुणाजी गुडघे दुखत असतानाही वाकून चालत होता. त्याला फक्त टायर दिसत होता, टायरखालचं सिमेंट दिसत होतं, आणि भरतीने आणून टाकलेली वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे दिसत होते.

अर्ध्या वाटेवर दोघेच उरले. शेजारच्या पट्ट्यात निकेश, त्याच्या चाकाशी वाकलेला सदा. निकेशची काळी सायकल थरथरत होती, त्याच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. रितेश थांबला. रस्ता तिथे जेटीकडे जरासा चढता होता. पायडल आडवी, पुढचं चाक वाकडं, सगळं रोजच्यासारखं. ढोल थांबला. 

मागच्या चाकाच्या अगदी पुढे शिंपल्याचा एक पांढरा तुकडा होता. चाक त्याच्यावर चढलं, तुकडा दिसेनासा झाला. गुणाजी त्या जागेकडे बघत राहिला. मग तुकडा परत दिसला. टायरच्या पुढच्या कडेखालून तो पांढरा ठिपका हळूच बाहेर आला, बोटभर उघडा झाला, आणि चाक पुन्हा पुढे येऊन त्याच्यावर बसलं.

चाक मागे गेलं होतं. करंगळीच्या नखापेक्षा चांगलं जास्त गेलं होतं.

गुणाजीने तोंड उघडलं. आजूबाजूला कोणी वाकलेलं नव्हतं, कोणाला दिसणं शक्य नव्हतं. लोक रितेशच्या तोंडाकडे बघत होते. आत्ता ओरडायचं, आत्ता. मग वाटलं, अजून एकदा बघू, आपली नजर काय आता तरण्या पोराची आहे? मग वाटलं, एक शब्द बोललो की संपलं, पुन्हा एक वर्ष गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. हे सगळं एका श्वासात झालं, आणि त्या श्वासात तो बोलला नाही.

“बाद!” शेजारून सदा ओरडला. “आमचा निकेश बाद!”

“बाबा!” निकेशने पाय टेकला. “कुठं गेला?”

“गेला रे. दोऱ्याएवढा गेला, पन गेला.” सदा कंबर धरून सरळ झाला. तोंड पडलं होतं, डोळे ओले होते, आणि तरीही हसत होता. लोकांनी त्याच्यासाठी जो काही कल्ला केला, तो रितेशच्या वाट्याला नंतर आला नाही.

रितेश शांतपणे पायडल मारत खांबापर्यंत गेला. मग रिवाजाप्रमाणे पंच पुढे आले.

“गुणाजी, घरचा डोळा काय म्हनतो?”

सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं आणि कोणाच्याही नजरेत शंका नव्हती. शंका घ्यायची असते हेच या लोकांना ठाऊक नव्हतं.

“बरोबर हाय,” तो म्हणाला.

ढोल सुरू झाला. कोणीतरी त्याच्या डोक्यावर लाल टोपी घातली, कोणीतरी हातात नारळ दिला. मनुबाईने ओवाळलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. तो पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कंबरेपर्यंत. मागून सगळं गाव आलं. पस्तीस-छत्तीस वर्षं मनात घोळवलेली गोष्ट हातात होती, आणि त्याला काहीच वाटत नव्हतं. पोराने हेच करून घेतलं आपल्याकडून, तो स्वतःला सांगत होता. पोरानेच. त्याने समुद्राचं नाव घेतलं, नारळ दूर टाकला, आणि लोकांनी आरोळी ठोकली.

बाहेर येताना पाय वाळूत रुतत होते. रितेश पुढे होऊन त्याला धरायला आला. गुणाजीने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण पोराने घट्ट धरला होता.

“बाबा, एक सांगू? हसू नको.” रितेश खाली वाकून त्याच्या कानाशी बोलत होता, ढोलाच्या आवाजात. “त्या चढावर ना, सदाकाका ओरडायच्या जरासा आधी. मला वाटलं, चाक गेला मागं.”

गुणाजी थांबला.

“या सायकलवर लगेच कळतं. चाक हलला का पाय हलतो, लपवता येत नाय. मला पायात कळलं, गेला म्हणून. मी उतरणारच होतो, एक पाय सोडला पन होता.”

“मंग?”

“मग तुझ्याकडं बघितलं. तू गप. चाकाकडंच बघत होतास. म्हटलं, मग नाय गेला. आपल्यालाच भास झाला.” रितेश हसला. आदल्या रात्री जेवताना हसला होता तसंच, ओठाच्या कोपऱ्यात, जरा लाजल्यासारखं. “म्हणून तर काल म्हटलेलं, नीट बघ. नवीन सायकल हाय, लोक उद्या नावं ठेवतील. पन तू चाकावर असल्यावर कोण काय बोलनार? चाक गेला असता तर तू मला सोडला नसतास.”

एक लाट आली आणि दोघांच्या पिंढऱ्यांवरून परत गेली. गुणाजीने पोराच्या तोंडाकडे बघितलं. महिनाभर या तोंडाचा त्याला राग होता. गालावर अजूनही ग्रीसचा एक डाग होता, घासून घासून न गेलेला. त्या तोंडात काही नव्हतं. लबाडी शोधायला गेलं तर जागाच नव्हती.

“बाबा? काय झालं? दुखतंय काय गुडघ्यात?”

गुणाजीने डोक्यावरची टोपी काढली. पोराचा हात हळूच सोडवला आणि वाळूतून तिरपा चालू लागला, जिथे सदा आपल्या होडीच्या सावलीत उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्याच्या हातावर पेढे ठेवत होता. हरलेल्या घराने पेढे वाटायचे नसतात. सदा वाटत होता.

“अरे, ये ये, नारळवाले!” सदाने लांबूनच हात पुढे केला. “तोंड उघड. आज तुझा तोंड मी गोड करनार.”

“निकेश कुठाय?” गुणाजीने विचारलं.

“त्यो काय, नाचतोय तिकडं. का रे?”

“बोलव त्याला. पंचांना पन बोलव.”

“आता? कशाला?”

रितेश मागून येत होता, ओली पँट झटकत, काही न कळून. गुणाजीने मान वळवून त्याला जवळ यायची खूण केली आणि तो शेजारी येऊन उभा राहीपर्यंत थांबला.

“माझा हितंच हाय,” तो म्हणाला. “चाकाचं सांगायचंय. तुझ्याला बोलव.”

सदाचा पेढ्याचा हात अजून पुढेच होता. पेढ्यासाठी गुणाजीने तोंड उघडलं नाही.